बोटाचं मशीन एकदा ९८ दाखवतं, एकदा ८६. खरं कुठलं धरायचं?

पंचगंगाकाठ · बुधवार, सकाळी ८.५०

इथं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदाच. घाईत आहे, चुका सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही मामा म्हणतो, ७२ वर्षांचे. पस्तीस-चाळीस हंगाम गुऱ्हाळात चुलवाणासमोर काढले, चिपाडं सारत. वर बिडी. दम लागतो म्हणून सहा-सात वर्षं फवाऱ्याचं औषध चालू आहे, डॉक्टर सीओपीडी म्हणतात, म्हणजे फुफ्फुसाचा जुना आजार. गेल्या महिन्यात छाती भरली, आठ दिवस दवाखान्यात होते. सोडताना ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं घ्यायला सांगितलं आणि कार्डावर लिहून दिलं: ऑक्सिजन १ लिटर, सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवणे.

हे ८८ ते ९२, म्हणजे बोटाच्या चिमट्यावर दिसणारा ऑक्सिजनचा आकडा, आमच्या घरात कुणाच्याच पचनी पडत नाही. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी आशाताई दारात येऊन सगळ्यांच्या बोटाला चिमटा लावून गेल्या होत्या, तेव्हापासून ९५ हा आकडा डोक्यात बसलाय. त्याच्या खाली गेलं की संपलं. सोमवारी रात्री मामांचं ८९ आलं. पुण्याहून भाऊजींचा व्हिडिओ कॉल चालू होता, त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, मशीन पाच लिटरचं आहे ना? मग एकवर कशाला ठेवलंय? भाडं कशाचं भरतोय आपण?" म्हणून तीनवर केलं.

मी वहीत लिहून ठेवते. तशीच उतरवते:

सोमवार रात्री ९: ८९, नाडी ९४ (१ लिटर)
सोमवार रात्री ११: ९५, नाडी ९० (३ लिटर)
मंगळवार दिवसभर: ९५, ९६, ९६
आज पहाटे ५.१०: ९८, नाडी ८९
आज पहाटे ५.१५: ८६, नाडी ६८ (ह्यांनी बघितलं)

५.१० ला मी बघितलं आणि चुलीकडं गेले. हे कॉटच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, पाच मिनिटांत ओरडले, "अगं शहाऐंशी झालं!" मग चार लिटर केलं. नंतर मी बघितलं तर परत ९८.

बोटाचं मशीन २०२१ च्या एप्रिलमधलं, तेव्हा मेडिकलवाला म्हणेल त्या किमतीला घेतलेलं. खराब झालंय का? नवीन घ्यावं का? मामा स्वतः काही सांगत नाहीत. एरवी विचारलं की म्हणतात, "मला नगं इचारू, त्या चिमट्याला इचार." आज तेही नाही. गाढ झोपलेत. चहाला उठवलं तर हूं हूं करून परत डोळे मिटले, डोकं दुखतंय एवढंच म्हणाले. चार रात्रींनी झोप लागली म्हणून आम्ही उठवलं नाही.

सरळरेष · सकाळी ९.०१

बोटाचं मशीन बदला. आणि ९४ च्या खाली गेलं की ॲडमिट, हा नियम सगळ्यांना सारखाच. ऑक्सिजननं कुणाचं वाईट झालंय का? ऑक्सिजन पाचवर ठेवा आणि निवांत राहा.

मिरजेची_सिस्टर · सकाळी ९.०४

पंचगंगाकाठ ताई, वरचं ऐकू नका. हे वाचताय तिथून उठा.

ऑक्सिजन चारवरून परत एकवर आणा, कार्डावर लिहिलंय तेवढंच. बंद मात्र करू नका, एकदम काढलं तर सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं. मामांना उठवून बसवा, नाव विचारा, आज वार कुठला विचारा. दोन्ही हात पुढं करून पंजे वर धरायला सांगा, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे. पंजे फडफडतात का बघा. आणि ज्यांनी कार्ड लिहिलं त्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा. "ऑक्सिजन दीड दिवस जास्त चालू होता, पेशंट झोपाळलाय, डोकं दुखतंय" एवढं एकच वाक्य सांगा. फोन लागला नाही तर १०८.

ती झोप चांगली नाही. बाकीचं नंतर बोलू.

पंचगंगाकाठ · सकाळी ९.२०

एकवर केलं. नाव सांगितलं, वार चुकले, रविवार म्हणाले. हात फडफडतात. डॉक्टर म्हणाले लगेच आणा. गाडी आली, निघतोय.

मिरजेची_सिस्टर · दुपारी ३.३०

ताई दवाखान्यात असतील, वाचतील तेव्हा वाचतील. तोवर इथं आणखी चार जण 'जास्त ठेवा' म्हणायच्या आत लिहून ठेवते. ३१ वर्षं वॉर्डात गेली, त्यातली १९ आयसीयूत. डॉक्टर नाही मी, पण हे बघितलेलं आहे.

आधी बोटाच्या मशीनचं. मशीन ठणठणीत आहे. ताईंची वही परत वाचा. बाईंनी ९८ आणि ८९ लिहिलंय, मालकांनी ८६ आणि ६८. आता एक कागद घ्या, त्यावर इंग्रजी आकड्यांत अठ्ठ्याण्णव लिहा आणि कागद उलटा फिरवा. शहाऐंशी. एकोणनव्वद लिहून फिरवा. अडुसष्ट. एकच आकडा जुळला असता तर योगायोग म्हटलं असतं, दोन्ही जुळतात. मालक कॉटच्या पलीकडं बसले होते, चिमटा त्यांना उलटा दिसत होता. आपल्या मराठी नवाला हे दुखणं नाही, पण मशीन इंग्रजीत बोलतं. वॉर्डात नवीन पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे: आधी पडद्यावरची एस-पी-ओ-टू (SpO2) ही अक्षरं सुलटी दिसतात का बघ, मग आकडा वाच. काही मशीनचं बटण दाबलं की पडदा फिरतो, त्यानं आणखी घोळ होतो. ९६ तर उलटं केलं तरी ९६ राहतं, म्हणून मंगळवारी कुणाला संशय आला नाही.

म्हणजे पहाटे मामांचा ऑक्सिजन कमी नव्हता. ९८ होता. आणि त्यांच्यासाठी तोच जास्त होता.

आता ते ८८ ते ९२. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या शंभर जागांपैकी किती जागांवर ऑक्सिजन बसलाय. धडधाकट माणसाचं ९५ ते १००. पण ९० झालं म्हणजे दहा टक्के जीव गेला, असं नसतं. कोल्हापुरातून गगनबावड्याला जाताना रस्ता बराच वेळ पठारावरूनच जातो आणि बावडा ओलांडला की करूळ घाटात एकदम खाली सुटतो ना, तसं आहे. रक्तातला ऑक्सिजनचा दाब शंभराच्या आसपास असतो, तो साठपर्यंत उतरला तरी सॅच्युरेशन ९० च्या आगेमागे टिकून राहतं. साठच्या खाली मात्र घाट. दाब चाळीसवर आला की ७५. म्हणून ९० हे घाटाचं तोंड.

मग मामांना मुद्दाम घाटाच्या तोंडाशी का उभं करायचं? कारण मागच्या बाजूला दुसरी दरी आहे आणि ती चिमट्याला दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड. धुरानं झिजलेल्या फुफ्फुसात काही भाग नुसते नावाला असतात. शरीर शहाणं असतं, ते तिकडचा रक्तपुरवठा आखडून घेतं आणि रक्त चांगल्या भागाकडं वळवतं. आपण वरून ऑक्सिजन लोटला की ते आखडलेले रस्ते परत उघडतात, रक्त त्या निकामी भागातून फिरून येतं आणि आतला वायू बाहेर टाकायचा राहतो. शिवाय हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन गच्च बसला की त्याच्यावरचा कार्बन डायऑक्साइड रक्तात उतरतो. तो साठला की सकाळी डोकं दुखतं, माणूस पेंगतो, वार चुकतो, पंजे फडफडतात. बोटावर ९८ आणि घरचे म्हणतात छान झोप लागली. ताईंना दोष देत नाही. शिकलेल्या माणसांच्या घरातही हेच बघितलंय.

आणि ही कुणा एका डॉक्टरची लहर नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ रुग्णांवर हे तपासलं, २०१० मध्ये छापून आलं. ज्यांचं सीओपीडी होतं त्यांच्यात ८८ ते ९२ धरून मोजका ऑक्सिजन दिलेल्यांचे मृत्यू भरपूर दिलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी निघाले. ऑक्सिजन औषध आहे. क्रोसिनच्या गोळ्या पाकीटभर मिळाल्या म्हणून सगळ्या खात नाही ना आपण?

९५ चा आकडा कोविडच्या काळात बरोबरच होता, कारण ज्याचं काल ९८ होतं त्याचं आज ९३ झालं का, हे तेव्हा पकडायचं होतं. मामांचं मुळातच ९० च्या आसपास असतं.

सोल्डरगन · दुपारी ४.१५

सिस्टरना दंडवत. मी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो, मॉनिटर, सिरिंज पंप वगैरे. मशीनच्या पोटातलं थोडं सांगतो, कारण 'खराब झालंय का' हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो.

चिमट्यात वर दोन दिवे असतात, एक लाल, ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड, बहुतेक ९४० चा. खाली प्रकाश टिपणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश जाऊ देतं आणि इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं रक्त याच्या उलट. दोन्हींचं गुणोत्तर काढायचं. पण बोटात कातडी, हाड, नख, शिरा असं सगळंच प्रकाश खातं, त्यातलं धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? ही गाठ जपानच्या ताकुओ आओयागींनी सोडवली. ते निहोन कोहडेन कंपनीत होते. कानाच्या पाळीतून प्रकाश टाकून, रक्तात सोडलेल्या रंगावरून हृदय किती रक्त फेकतं ते मोजत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा थरथरायचा. ती थरथर घालवायच्या नादात त्यांच्या लक्षात आलं, की थरथरतंय ते फक्त धमनीतलं रक्त! म्हणजे कचरा म्हणून जे टाकत होतो तेच मोजायचं. हे १९७४ चं. आओयागी वारले २०२० च्या एप्रिलमध्ये, जगभर लोक मेडिकलपुढं त्यांच्याच शोधासाठी रांग लावून उभे होते तेव्हा. मला ही गोष्ट फार लागते.

यातून कामाचं एवढंच: मशीन ठोक्यावर चालतं. बोट गार असेल, हात हलत असेल, त्याच हाताला बीपीचा पट्टा फुगवला असेल, तर ठोका सापडत नाही आणि ते मनाला येईल ते दाखवतं. बोट चोळून गरम करा, हात मांडीवर ठेवा, लावल्यावर निदान अर्धा मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. नखावर गडद नेलपेंट किंवा काळी मेंदी असेल तर दुसरं बोट. आणि चांगल्या मशीनलाही दोन-चार टक्के इकडंतिकडं माफ आहेत. ९१ चं ८९ झालं म्हणून रात्री कुणाला उठवू नका.

आणखी एक. सावळ्या-काळ्या कातडीवर ही यंत्रं आकडा थोडा चढा दाखवू शकतात. अमेरिकेत २०२० मध्ये यावर मोठा अभ्यास आला. तिथल्या काळ्या रुग्णांमध्ये रक्त तपासलं तर ऑक्सिजन कमी, पण बोटावर ठीक, असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा सापडलं. आपण सगळे कुठल्या रंगाचे आहोत ते आपल्याला ठाऊक आहे.

डोंगरवाट · संध्याकाळी ६.४०

अवांतर, पण आकडा माणसावर आणि जागेवर असतो यावरून आठवलं. लेहला विमानानं उतरलो, ३,५०० मीटर. पहिल्या रात्री माझं ८५. पुण्यात असतो तर रुग्णवाहिका बोलावली असती. हॉटेलवाला म्हणाला, पाणी प्या, झोपा, उद्या कुठंही जाऊ नका. तिसऱ्या दिवशी ९१. केदारनाथही जवळपास त्याच उंचीवर आहे आणि तिथं आपली साठी-सत्तरीतली मंडळी हेलिकॉप्टरनं अर्ध्या तासात पोचतात. आकडा बघून घाबरू नका, पण डोकं ठणकून उलट्या व्हायला लागल्या किंवा बसल्याबसल्या धाप लागली तर आकडा न बघता खाली उतरा.

सरळरेष · रात्री ९.१०

सकाळी घाईत लिहिलं, चूक झाली. ताई, माफ करा. मामा कसे आहेत?

सिस्टर, एक विचारू? बायकोचं हिमोग्लोबिन ७ आलंय. जिना चढला की तिला धाप लागते. पण हेच मशीन लावलं की ९९. मी तिला म्हणतोय, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मिरजेची_सिस्टर · रात्री ९.३५

मनाचे खेळ म्हणू नका, आजच्या दिवसातली ही दुसरी चूक होईल.

तुमच्याकडं वडाप जीप बघितलीय ना? दहा सीटची जीप, दहा माणसं बसली, शंभर टक्के भरली. आणि पन्नास सीटची एसटी, पन्नास बसले, तीही शंभर टक्के. चिमटा फक्त विचारतो, सीटा भरल्यात का. गाडी केवढी आहे ते तो बघतच नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन उचलतं. १४ ग्रॅमवाली बाई १०० मिलिलिटर रक्तात १८ च्या वर नेते, तुमच्या मंडळी नऊ-साडेनऊ. दोघींच्या बोटावर ९९. धाप खरी आहे. लोहाची कमतरता आहे का, रक्त कुठून जातंय का, हे तपासायला घेऊन जा.

असाच दुसरा फसवा आकडा कोळशाच्या शेगडीचा. एका थंडीत खोली बंद करून शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब आमच्याकडं आलं होतं. बोटावर ९९, माणसं अर्धमेली. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि हे साधं मशीन त्यालाच ऑक्सिजन समजतं. तिथं मनगटातून धमनीचं रक्त काढून तपासलं की खरं कळतं. ती सुई दुखते, मामांनाही आज टोचली असणार.

पंचगंगाकाठ · शनिवार, सकाळी ११.१०

मामा काल संध्याकाळी घरी आले. सगळ्यांचे प्रतिसाद आज सलग वाचले, दोनदा.

मनगटाचं रक्त काढलं, कार्बन डायऑक्साइड ७१ निघाला. ३५ ते ४५ हवा असतो म्हणे. दोन दिवस तोंडावर पट्ट्यांचा मास्क लावून मशीनची हवा दिली, बायपॅप. पहिल्या रात्री मास्क ओढून काढत होते, हे हात धरून बसले. दुसऱ्या सकाळी स्वतःहून उठले आणि चहा पचकवणी आहे म्हणून सिस्टरवर खेकसले, तेव्हा आम्ही हसलो. डॉक्टरांनी फारसं रागावलं नाही, कार्डावरच्या १ लिटरला लाल पेनानं गोल केला आणि म्हणाले, सॅच्युरेशन ८८ च्या खाली राहिलं तर मला फोन, ९२ च्या वर गेलं तरी मला फोन, बटणाला हात नाही.

ह्यांना कागदावर ९८ लिहून फिरवून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मशीन मागून घेतलं, सरळ-उलट करून बघितलं आणि सासूबाईंची लाल टिकली वरच्या टोकाला चिकटवली. आता नियम असा, की टिकली वर दिसत नसेल तर आकडा वाचायचा नाही, उठून या बाजूला यायचं.

भाऊजी रोज विचारतात, "पंच्याण्णव आहे का?" काल मामांनीच फोन घेतला आणि म्हणाले, "नव्वद हाय, आन् मी बी हाय."

सिस्टर, टिकलीनं मशीनला काही होत नाही ना?

मिरजेची_सिस्टर · शनिवार, सकाळी ११.२५

काही होत नाही. बोटाच्या फटीत सरकू देऊ नका, दिवा झाकला जाईल. आणि आंघोळीनंतर त्यांचे हात गार असतील, तेव्हा लगेच लावू नका.

फवारा कसा घेतात ते एकदा बघा हो. निम्मे लोक श्वास न ओढता नुसतं तोंडात मारतात आणि औषध जिभेवरच राहतं.